तात्यांसाठी घातलेली लाकडी भुई

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, कुठल्या वस्तूचा आधी भाव विचारल्याचं मला आठवत नाही. केरसुणी असो, कढई असो, नाहीतर देवाची घंटा असो, हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "टिकंल किती?" एकदा कासार ओसरीवर बांगड्यांची दुरडी उतरवून बसला होता. अक्कांनी एक हिरवी बांगडी उजेडात धरली, नखानं टिचकी मारली आणि तोच प्रश्न त्यालाही विचारला. तो बिचारा कावला. म्हणाला, "अक्का, काचंची बांगडी हाय, देवळाचा कळस न्हाय! फुटंल, मी परत येईन, माझंबी पोट चालंल की!" गल्लीतल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या. अक्का मात्र दुरडी तळापर्यंत उपसत बसल्या आणि शेवटी त्यांना हव्या तशा जाड बांगड्या घेऊनच उठल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाकीच्या बायकांनी माझा रंग पाहिला, केस पाहिले, नाकाची चौकशी केली. अक्कांनी माझी ट्रंक पाहिली. बिजागऱ्या हलवल्या, झाकणावर दोन्ही हात टेकून भार दिला आणि मग म्हणाल्या, "कडी बदलावी लागंल. बाकी बरी हाय." मला असा राग आला म्हणता! माझ्या वडिलांनी हौसेनं घेतलेली ट्रंक, आणि ही बाई आल्या आल्या तिला नावं ठेवते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून पितळेची कडी आणून बसवून दिली. ती ट्रंक आजही माझ्याकडे आहे आणि कडीही तीच आहे.

अक्कांचं माहेर अक्कलकोटाकडचं. तिकडे घरात कानडी आणि दारात मराठी. सोलापुरात येऊन त्यांना वर्षानुवर्षं लोटली तरी बोली बदलली नाही, आणि तात्या मास्तर असूनही त्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही. राग फारच आला की त्या सरळ कानडीत जायच्या. "बेड अंद्रे बेड!" असं त्या म्हणाल्या की घरातल्या मांजरालाही कळायचं की नको म्हणजे नको, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

तात्या म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर. शाळेत गणित शिकवायचे. माणूस इतका मऊ की वर्गात कुणाला छडी मारावी लागली तर घरी येऊन जेवायचा नाही. पण त्यांचाही एक हट्ट होता. मास्तरानं उभ्यानं शिकवावं. खुर्चीत बसून गणित सांगतो तो मास्तर नव्हे, कारकून, असं ते म्हणत. माझे यजमान कचेरीत कारकूनच होते, त्यामुळे हे वाक्य आमच्या घरात जरा जपून वापरलं जाई. यजमानांना घरात सगळे बापू म्हणत. मीही इथे बापूच लिहिते. आता या वयात मला कोण रागावणार आहे?

तीस सालाच्या अलीकडची गोष्ट. तात्यांना चाळिशीच्या आतच आमवातानं धरलं. घोटे सुजायचे, गुडघे आखडायचे. आमच्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी. सोलापूरचा उन्हाळा कितीही भाजून काढणारा असला तरी हिवाळ्यात पहाटे ती फरशी अशी गारठायची की धडधाकट माणसाच्याही टाचा ठणकाव्यात. पावसाळ्यात तर खालून ओल वर यायची. तात्यांनी खाटेवरून पाय खाली सोडला की त्यांचा चेहरा बघवत नसे. डॉक्टर आले, वैद्य झाले, लेप झाले. सगळ्यांचं सांगणं एकच, पायांना गारवा लागू देऊ नका. अक्का वैद्यांना म्हणाल्या, "मग ह्यांनी पाय ठेवायचा कुटं? हवेत?" वैद्यबुवांनी पुड्या बांधून दिल्या आणि गेले.

घोंगड्या अंथरून झाल्या. घोंगडी फरशीवर सरकायची आणि ओल धरायची. पायमोजे घालून झाले, चपला घालून झाल्या. सुजल्या पायाला चपलेचा अंगठा सोसेना. शेवटी तात्यांनी शाळेत रजेचा अर्ज दिला. ज्या दिवशी दिला त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहिले.

मग एकदा दुपारी अक्कांनी त्यांना जेवायला पाटावर बसवलं आणि पाय टेकायला पुढे आणखी एक पाट दिला. जेवण झाल्यावर तात्या सहज म्हणाले, "अगं, या पाटावर पाय दुखत नाहीत बघ." झालं! अक्कांच्या हातातली वाटी तशीच राहिली. घरातले होते नव्हते तेवढे सगळे पाट त्यांनी गोळा केले, शेजारून मागून आणले, आणि खाटेपासून दारापर्यंत ओळीनं मांडले. तात्या भिंतीला धरून त्यावरून चालले. खरंच चालले हो! चार दिवस आमच्या घरात माणसं जमिनीवर बसून जेवत होती आणि पाट सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, तात्यांच्या पायांखाली होते. पाहुणे आले की अक्का ठणकावून सांगायच्या, "पाट न्हाईत. बसा तसंच."

पण पाट तो पाट. खाली खूर, आणि कडेला पाय पडला की उलटायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो उलटलाच. तात्या असे आदळले की दोन आठवडे कुशीवर वळता येत नव्हतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, नंतर पाट नुसता पुढे केला तरी ते मान हलवायचे. त्यांना पायांवर उभं राहायचीच धास्ती बसली. "राहू दे आता," एवढंच म्हणायचे. अक्कांनी सगळे पाट उचलून ठेवले आणि त्या रात्रीच्या जेवणाला बसता बसता जाहीर केलं, "सोप्यात लाकडाची भुई घालायची. भिंतीपासून भिंतीपर्यंत. हलायची न्हाय, उलटायची न्हाय. ह्यांनी डोळं मिटून चालावं अशी."

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं! पण सोलापुरात तेव्हा लाकडी जमीन म्हणजे फार तर माडीला, तीही पैसेवाल्यांच्या घरी. तळमजल्यावर, मातीला लागून लाकूड? आमच्या भागात वाळवी इतकी की दाराची चौकट दोन पावसाळ्यांत पोकळ व्हायची, भिंतीला टेकून ठेवलेली शिडी आतून खाल्ली जायची. मंगळवेढ्याचे आमचे चुलत सासरे, आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते दर वर्षी ज्वारीचं पोतं घेऊन यायचे. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सूनबाई, वाळवीला पंगत वाढायची असंल तर सरळ वाढा की! एवढा खटाटोप कशाला?" अक्का पदर सावरून म्हणाल्या, "तीच वाढणार हाय, काका. आधी तिलाच जेवायला घालते. ती जे ताटात टाकंल ते मी घेईन."

आम्हाला वाटलं, उगाच तोंडाला तोंड दिलं. पण अक्का तोंडाला तोंड देत नसत. आमच्या परसात कडुनिंबाखाली एक मोठं वारूळ होतं. मल्लप्पा सुतार आमच्याच गल्लीतला. त्याला बोलावून अक्कांनी मिळेल त्या लाकडाचे वीतभर तुकडे मागवले. साग, बाभूळ, आंबा, निंब, देवदार, शिसव. मल्लप्पा म्हणाला, "अक्का, कशाला ह्यो पोरखेळ? डोळं झाकून साग घ्या की." अक्का म्हणाल्या, "डोळं झाकून घ्यायला मी काय परसाद घेतेय व्हय?" आणि प्रत्येक तुकड्यावर तापल्या उलथण्यानं निराळी खूण डागून सगळे तुकडे त्यांनी वारुळाभोवती अर्धे आत, अर्धे बाहेर असे रोवले. पावसाळा तोंडावर आला होता. आता पावसाळा संपेपर्यंत थांबायचं.

श्रावणात नागपंचमी आली. गल्लीतल्या बायका लाह्या-दूध घेऊन दर वर्षीप्रमाणे आमच्या परसात आल्या आणि बघतात तो काय, वारुळाला चहूबाजूंनी लाकडं ठोकलेली! एकीनं तर गालावर चापट्याच मारून घेतल्या. "अगं बाई, अक्का! नागोबाला कुंपण घातलं का काय?" अक्कांनी शांतपणे लाकडांमधून हात घालून वारुळाला हळद-कुंकू वाहिलं. "नागोबाला यायला-जायला वाट ठेवलीय की. हे खालच्या भाडेकरूंसाठी हाय." त्या दिवशी त्यांना एखादा तुकडा उपसून बघायची फार इच्छा झाली होती, मला कळत होतं. पण पंचमीला जमीन उकरायची नाही, चिरायचं-कापायचं नाही. म्हणून अक्का संध्याकाळपर्यंत परसाच्या दाराकडे पाठ करून बसल्या.

दिवाळी झाल्यावर तुकडे उपसले. बापू, मी, मल्लप्पा सगळे गोळा झालो. तात्यांची खाट परसाच्या दारापर्यंत सरकवली. देवदाराचा तुकडा उपसायलाच आला नाही, नुसता चुरा हाताला लागला. आंबा गेला होता. निंबाला भोकं पडली होती. बाभळीची वरची कड खाल्लेली, पण मधलं काळं लाकूड दगडासारखं उभं. शिसव शाबूत होता, पण भुईला पुरेल इतका शिसव आमच्या गावात मिळायचा कुठून? आणि मग साग निघाला. सागाची एक अख्खी बाजू वाळवीनं फस्त केली होती.

मल्लप्पाचा चेहरा पडला. "अक्का, मी शपथेवर सांगतो, सागच हाय हा!" तो खोटं बोलत नव्हता. अक्कांनी तुकडा पाण्यात बुडवून पुसला, उन्हात धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मल्लप्पा, हे बघ. पांढरं पांढरं खाल्लंय. तांबडं शिवलं सुद्धा न्हाय." खरंच तसं होतं. सालीजवळचा फिकट भाग गेला होता आणि आतला गाभा जसाच्या तसा राहिला होता. मल्लप्पानं आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. गाभ्याचं लाकूड चांगलं हे त्यालाही ठाऊक होतं, पण गिऱ्हाईक 'साग' म्हणतं आणि सुतार साग लावतो. फळीला पांढरी कड किती, हे पाहायला वेळ कुणाला असतो? त्यांच्यात मग बराच वेळ कानडीत काहीतरी चाललं. शेवटी ठरलं. खालचे दांडे बाभळीच्या गाभ्याचे, वरच्या फळ्या सागाच्या, आणि ज्या फळीला पांढऱ्याची रेघही दिसेल ती फळी घरात येणार नाही.

लाकडाच्या वखारीत मी अक्कांबरोबर गेले. माझी कर्मकहाणी काय सांगू! माडी बांधायची म्हणून घरात जे साठवलं होतं तेवढं घेऊन अक्का निघाल्या होत्या. वखारवाल्यानं वरच्या फळ्या दाखवल्या. अक्कांनी प्रत्येक फळीचं टोक ओल्या फडक्यानं पुसलं, बघितलं आणि बाजूला सारली. "ही नको. हीबी नको." तो म्हणाला, "बाई, साग आहे हो! बर्म्याचा!" अक्का म्हणाल्या, "बर्म्याचा असंल. पांढरा किती हाय त्यात?" ढिगाच्या तळातल्या फळ्या चांगल्या दिसत होत्या. त्या काढायला हमाल तयार होईनात. वखारवाला म्हणाला, उद्या या. अक्का तिथेच बाजूला सारलेल्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या. ऊन चढलं. मी म्हटलं, "अक्का, चला ना घरी. उद्या काढून ठेवतो म्हणतोय तो." त्या म्हणाल्या, "तू जा, इंदू. भाकरी टाक. मी हितं बसते. उद्या म्हणणाऱ्याचा उद्या मी लई बघितलाय." मी कशाची जाते! दोघीही बसलो. वखारवाल्याला गिऱ्हाइकांसमोर दोन बायका अशा ठाण मांडून बसलेल्या कशा परवडणार? दुपारी त्यानं चहा पाठवला आणि चहामागून हमाल पाठवले.

फळ्या घरी आल्या. आता भुई होणार म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले. तर मल्लप्पानं फळी उचलून पाहिली आणि मान हलवली. "ओली हाय, अक्का. आत्ता ठोकली तर उन्हाळ्यात आकसंल. बोट जाईल एवढ्या फटी पडतील. आन् दोन-चार फळ्या वाकड्या व्हतील त्या निराळ्याच." आणि वाळायला किती? तर उन्हाळा निम्मा सरेपर्यंत. म्हणजे अख्खा हिवाळा तात्यांनी पुन्हा खाटेवर काढायचा.

त्यातच शाळेतून शिपाई निरोप घेऊन आला. नाताळच्या सुट्टीनंतर मास्तर हजर होणार असतील तर ठीक, नाहीतर जागेवर दुसरा माणूस घ्यावा लागेल. तात्यांनी निरोप ऐकला आणि "बरं" म्हणाले. बापूंना मात्र ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते एक गाडी भरून देवदाराच्या फळ्या घेऊन दारात उभे राहिले. गिरणीत यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या मोकळ्या केलेल्या फळ्या, चांगल्या वाळलेल्या. "वहिनी, उद्याच्या उद्या ठोकून घेऊ. दादा आठ दिवसांत चालायला लागेल. नोकरी वाचेल."

"देवदार?" अक्का म्हणाल्या. "परसातला चुरा बघितलात न्हवं तुम्ही?"

"एक-दोन वर्षं तर टिकेल ना! तोवर साग वाळेल, मग बदलू. आज नोकरी जातेय, तिचं काय?"

"आणि मधीच कदी फळी पायाखाली खचली तर?"

"खचेलच कशावरून? वहिनी, तुमच्या या टिकाऊपणाच्या वेडापायी दादाची नोकरी जाईल, सांगून ठेवतो!"

बापू इतक्या मोठ्यानं अक्कांशी कधी बोलले नव्हते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला बापूंचं म्हणणं पटत होतं. अक्का चिडल्या नाहीत, कानडीतही गेल्या नाहीत. हळू बोलल्या. "बापूभावजी, पाट उलटला तवा हे पडले. त्यानंतर पाटावर पाय ठेवला का ह्यांनी? आणिक एकदा पायाखालचं गेलं तर हे परत उठणार न्हाईत. घोट्याचं सोडा, ह्यांचं मनच उठणार न्हाय. नोकरी दुसरी बघता येईल. गाडी परत न्या."

सोप्यात खाटेवर तात्या सगळं ऐकत होते. त्यांनी बापूंना हाक मारली. "बापू, ती म्हणते तसं होऊ दे. मी आणखी थोडा पडून राहीन. मला त्याची सवय झालीय."

अक्का तिथून उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबून रडत होत्या. नुसतं अंग हलत होतं, आवाज नाही. मला पाहून म्हणाल्या, "मी चुकत तर न्हाय ना ग?" ज्या बाईनं जन्मात कुणाला हा प्रश्न विचारला नसेल तिनं तो मला विचारला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि वर माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, वाळत घातलेल्या फळ्या उलटायला निघून गेल्या.

नोकरी गेली. तो हिवाळा आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. अक्का रोज माळवदावर जायच्या. फळ्यांची चवड, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये ठोकळे, वरून गोणपाटाची सावली. या बाजूच्या त्या बाजूला करायच्या, ऊन कुठून येतं ते बघायच्या. चैत्र संपत आला तेव्हा मल्लप्पानं एक फळी उचलली आणि म्हणाला, "आता हलकी झाली." मग सोप्यातली शहाबादी निघाली. खाली मुरूम ठोकला, दगडी बैठका बसवल्या, त्यांवर बाभळीचे दांडे. खालून वारा खेळावा म्हणून भिंतीत झरोके ठेवले. फळ्यांना खालून डांबर, वरून जवसाचं तेल. एकीची कड दुसरीच्या खाचेत अशी बसवली की नख जाणार नाही. काम झाल्यावर अक्का म्हणाल्या, "बापूभावजी, उड्या मारा." बापू आमच्या घरातले सगळ्यांत वजनदार. ते लाजले, पण चढले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी उड्या मारल्या, मल्लप्पानं मारल्या, मग अक्कांनी मला हात धरून ओढलं. आणि त्या धाडधाड आवाजात बापू आणि अक्का एकमेकांकडे बघून एकदम हसायला लागले. तो हिवाळ्यातला अबोला तिथे संपला.

तात्यांना मात्र कुणी उठा म्हटलं नाही. खाट भुईवर आणून ठेवली आणि अक्का समोर जाऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी पाय खाली सोडला. आधी बोटं टेकवली, मग टाच. "गार नाही," म्हणाले. दुसरा पाय टेकवला. खाटेच्या काठाला धरून बराच वेळ तसेच बसले. मग अक्कांकडे बघत बघत उठले. पावलं आठ-दहाच असतील, पण भिंतीला हात न लावता. अक्का पुढे झाल्या नाहीत, हातही पुढे केला नाही. ते जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "घ्या. आता शिकवा कुणाला शिकवायचं ते."

सोप्याच्या भिंतीवर काळा फळा लागला. आधी शेजारचे दोघे-तिघे आले, मग लांबून लांबून मुलं यायला लागली. पेठेतल्या विणकरांची मुलं आपसात तेलुगूत कुजबुजायची आणि गणित मराठीत सोडवायची. तात्या उभ्यानं शिकवायचे. पाय पुरते बरे कधीच झाले नाहीत. थंडीत काठी लागायची, काही दिवस अंथरुणातच जायचे. पण उठायची भीती गेली ती गेलीच. सकाळी तात्यांच्या पावलांचा फळ्यांवरचा जड, सावकाश आवाज आला की अक्का चुलीपाशी मान न वळवता मला सांगायच्या, "आज उजवा गुडघा बरा हाय." दर वर्षी उन्हाळ्यात त्या भुईला स्वतः जवसाचं तेल चोळायच्या. मी मदतीला गेले की म्हणायच्या, "तू वरवर चोळतेस."

मग एका पौषात तात्यांना ताप आला आणि छातीत उतरला. डॉक्टर सकाळी येऊन गेले आणि जाताना बापूंना बाजूला घेऊन बोलले. मंगळवेढ्याचे काका ज्वारी घेऊन नेमके त्याच दिवशी आले होते. त्यांनी तात्यांचा श्वास बघितला आणि म्हणाले, "बापू, आता वेळ घालवू नका. भुईवर घ्या." खाटेवर प्राण जाऊ द्यायचा नाही, ही आपली रीत. बापू तात्यांना खाली घ्यायला पुढे झाले, तर काका म्हणाले, "हितं नव्हं. बाहेर अंगणात न्या. हे लाकूड हाय. ही तर मोठी खाटच झाली. माती पायजे."

अंगणात पौषातलं गार वारं सुटलं होतं. अशा वेळी काकांच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कुणी जात नसे. बापूंनी खाटेच्या पुढच्या खुरांना हात घातला. अक्का तात्यांच्या पायांशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ठेवा खाली."

"सूनबाई, ही रीत हाय. माझ्या पदरचं सांगत न्हाय मी."

"रीत मलाबी म्हाईत हाय, काका. ह्यांना भुईवरच घ्यायचं. ही भुईच हाय."

"अगं, लाकूड म्हंजे भुई कशी?"

अक्का उठल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "खाटेवर माणूस निजतो, काका. ह्यावर हे उभे राहिलेत. तुमच्या मातीनं आणि दगडानं ह्यांना उभं राहू दिलं न्हाय. माणूस जिथं आपल्या पायांवर उभा राहतो ती त्याची भुई. ह्यांना मी गार जमिनीवर नेणार न्हाय. आज तर अजिबात न्हाय."

मला वाटलं, काका आता काठी घेऊन तडक निघून जाणार. ते उभे राहिले, भुईकडे बघत राहिले. मग वाकले, तळवा फळीवर टेकवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. "सूनबाई," ते म्हणाले, "दर्भ कुटं ठेवलाय?" आणि म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं त्या फळ्यांवर दर्भ पसरला.

आम्ही तात्यांना भुईवर घेतलं. अक्का पुन्हा त्यांच्या पायांशी बसल्या आणि दोन्ही पावलं त्यांनी हातांत धरली. दुपारपर्यंत तशाच होत्या. सगळं संपलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंदू, पाय अजून गरम हायत ग." आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्यानं, सगळ्यांसमोर रडल्या.

त्यानंतर अक्का बरीच वर्षं होत्या. मुलं येत राहिली. गणिताऐवजी आता अक्का त्यांना पाढे म्हणायला लावायच्या, स्वतःला येत नसलेलेही. त्यांची वेळ आली तेव्हा काका नव्हते, बापू थकले होते. पुरोहित आले, त्यांनी सोप्यात सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "मातीची जागा कुठं आहे?" मी म्हटलं, "गुरुजी, आमची भुई हीच." आणि मीच खाली बसून दर्भ पसरायला घेतला.